साहेबांच्या हौदाचा सांडवा

"काय ओ वैनी, तुमच्याकडं आलं का पाणी?"

"नळाला? काकू, नळाचा काय नेम सांगावा?"

"नळाचं कोण विचारतंय! भिंतीखालून. साहेबांच्या बंगल्यातून. माझ्या दोन किलो गव्हाच्या कुरडया गेल्या बघा, चीक होऊन."

आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. बीडच्या उन्हाळ्यात दुपारी त्या भिंतीला हात लावायची सोय नसते, म्हणून आमच्या गप्पा सकाळी तरी नाहीतर दिवेलागणीला. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, काका वीज मंडळातले वायरमन. त्यामुळं या भिंतीवर नुसत्या चहाड्या होत नाहीत, चहाडीला कारणमीमांसा जोडलेली असते. आणि त्या दिवशी विषयही तसाच होता, कारण काकूंच्या पलीकडच्या बंगल्यात चक्क पोहायचा हौद झालाय.

"हौद कसला, तळं म्हणा," काकू म्हणाल्या. "बारा फूट लांब, आठ रुंद, चार फूट पाणी. मी तिथल्या तिथं हिशोब केला. पावणेअकरा हजार लिटर भरतंय. पाच हजारांचे दोन टँकर ओतले तरी बूड झाकून वर थोडं कमीच पडंल."

"बोअरचं असंल."

"बोअरचंच आहे. पण बोअर काय साहेबांच्या एकट्याच्या जमिनीखालून वाहते का? 2016 ला लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आपलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. धरण आपल्या केज तालुक्यात आणि तहान लातूरला. ते दिवस बघितलेल्या माणसानं अंगणात पोहायचा हौद बांधावा? आणि तेही उभी नोकरी पाटबंधाऱ्यात करून!"

साहेबांची बाजू अगदीच लंगडी नाही, हे मला सांगावंसं वाटत होतं. म्हणजे लंगडीच आहे, पण खरोखरच. गुडघे गेलेत त्यांचे. पाण्यात चालायचा व्यायाम सांगितलाय. आणि एकदा भरलेलं पाणी ते टाकून देत नाहीत, गाळून पुन्हा वापरतात. पण काकूंच्या कुरडया नुकत्याच भिजलेल्या होत्या, म्हणून मी गप्प बसले.

"बरं, हौद झाला तो झाला," काकू पुढं सरकल्या. "मार्चच्या शेवटाला पाणी तापाया लागलं. संध्याकाळी साहेब उतरले तर म्हणे आंघोळीला काढल्यासारखं कोमट. मग धाकट्याला फोन. तो पुण्याला कंपनीत आहे ना, ते ऑटोमेशन का काय करतो. त्यानं सांगितलं, बाबा, बाजारातला चिलर लाखाच्या घरात जाईल आणि बिल येईल ते वेगळं. आपण घरीच करू. आणि शनिवार-रविवार येऊन जुना लोखंडी कूलर जोडून गेला."

"कूलर? हौदाला?"

इथं काकूंमधली शिक्षिका जागी झाली. त्यांनी पदर खोचला. "वैनी, कल्पना त्याची चांगली होती, तेवढं मानावं लागंल. माठ कसा गार होतो? पाणी झिरपतं, वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं. इथं माठाऐवजी कूलर. हौदातलं पाणी एका पंपानं कूलरच्या डोक्यावर चढवायचं, ते गवताच्या ताट्यांतून निथळत खाली यायचं, पंखा त्यातून हवा ओढणार, आणि गार झालेलं पाणी खालच्या ट्रेमधून दुसऱ्या पंपानं परत हौदात. आपल्याकडं एप्रिलात हवा इतकी कोरडी की थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, तर बाहेर चाळीस असताना तो वीस-बावीसपर्यंत उतरतो. मुंबईला हे जमणार नाही. आपल्या दुष्काळाचा एवढाच काय तो फायदा."

"आणि पाणी किती उडून जातं?"

"तेच तर! मी विचार केला होता ढीगभर जात असंल. पण एक लिटर पाणी वाळलं की साधारण पाचशे ऐंशी लिटर पाणी एक अंशानं उतरतं. म्हणजे तो आख्खा हौद पाच अंश गार करायचा तर शंभर लिटरसुद्धा पुरे. दिवसभराचं ऊन पुन्हा तापवतं ते सोडा. आता शंभर लिटरवर मी काही बोलणार नाही. एवढं तर आपण ओटा धुवायला घालतो. पण वाळलं शंभर आणि सांडलं दोन हजार, ह्याला काय म्हणायचं?"

"दोन हजार?"

"वीतभर खाली गेलं होतं हौदाचं पाणी. बारा बाय आठमध्ये वीतभर म्हणजे करा हिशोब."

तेवढ्यात काका खुर्ची ओढत भिंतीपाशी आले. काकांना गप्पांत बोलवावं लागत नाही, फक्त विजेचा उल्लेख व्हावा लागतो, आणि इथं तर दोन पंप होते. त्यांनीच पुढचा कारभार हाती घेतला. आदल्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून नेलं होतं, म्हणजे गुन्ह्याची जागा पाहिलेला आमच्यातला तो एकमेव माणूस.

"पोरानं काही चुकीचं जोडलं नव्हतं," काकांनी सुरुवात केली. "एकेक वस्तू बघितली तर बरोबरच होती. चढवायचा पंप कूलरचाच, छोटा, तासाला हजारेक लिटर टाकणारा. परतीचा पंप जरा मोठा, त्याला ट्रेमध्ये फ्लोट. पाणी वर आलं की पंप चालू, खाली गेलं की बंद. मोबाईलवर सगळं दिसायचं. पुण्यात बसून तो पंखा लावायचा, पंप लावायचा. शुक्रवारी दुपारी दोनला त्यानं तिकडून चालू केलं, संध्याकाळी पाणी गार पाहिजे म्हणून. अडीचला लाईट गेली."

"लाईट गेली तर सगळंच बंद पडंल की," मी म्हटलं.

काका हसले. चाळीस वर्षं खांबावर चढलेला माणूस असा हसतो तेव्हा समजावं की खरा किस्सा आता आहे.

"इन्व्हर्टर, वैनी, इन्व्हर्टर! चढवायचा पंप त्यानं व्हरांड्यातल्या सॉकेटला लावला होता. जवळ पडतं म्हणून. ते सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर. परतीचा पंप बाहेरच्या मोटारीच्या बोर्डवर, म्हणजे सरळ मेनवर. लाईट गेली तसा परतीचा पंप थांबला. आणि छोटा आपला इन्व्हर्टरवर खुशाल पाणी चढवतोय! ट्रे ऐंशी लिटरची. पाच मिनिटांत भरली. पुढं दोन तास वाहिली. घरात साहेब झोपलेले, त्यांच्या बाई झोपलेल्या, आम्ही दोघं झोपलेलो."

"फ्लोट होता ना?"

"होता की. फ्लोटनं आपलं काम चोख केलं. पाणी वर आलं, त्यानं परतीच्या पंपाला हुकूम सोडला, चालू हो. पण पंपाला वीजच नाही, तो हुकूम कुणी ऐकायचा?"

"आणि मोबाईल?"

"राऊटर पण मेनवर!" काकूंनी मधेच बाजी मारली. "पुण्यातल्याला शेवटचं दिसत होतं ते अडीचचं. सगळं हिरवं, सगळं छान. आणि इकडं माझ्या कुरडया पोहायलेत."

कुरडईचं दुःख ज्यानं कुरडया केल्यात त्यालाच कळतं. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, चीक रात्रभर निवू द्या, वरचं पाणी काढा, पहाटे चार वाजता उठून चीक शिजवा, गरम गरम सोऱ्यातून पाडा. हात दुखतात ते आठवडाभर. ते सगळं प्लास्टिकवर घालून माणूस जरा पडावा आणि भिंतीखालून क्लोरीनच्या वासाचं पाणी यावं. काकूंनी भरपाई मागितली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी भरपाई मागितली नाही, पण बातमी मात्र वसाहतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः चालत नेली.

"मग तुम्ही काय सांगितलं साहेबांना?" मी काकांना विचारलं.

"मी आधी एकच विचारलं. साहेब, आयुष्यभर धरणं बघितली, सांडवा नसलेलं एक तरी धरण बघितलं का?"

हे वाक्य काकांनी साहेबांसमोर खरंच इतकं ठसक्यात म्हटलं असेल की नाही याची मला शंका आहे. पण भिंतीवरच्या गप्पांत माणसाला आपली वाक्यं थोडी इस्त्री करायची मुभा असते.

आणि मुद्दा बिनतोड होता. पालीचं बिंदुसरा धरण भरलं की निम्मं बीड गाड्या काढून सांडव्यावरची चादर बघायला जातं. ते पाणी कुणी मोटार लावून काढत नाही. भिंतीपेक्षा खालच्या पातळीला वाट ठेवलेली असते, तिथवर पाणी चढलं की आपोआप निघून जातं. साहेबांच्या ट्रेला अशी वाटच नव्हती. ट्रेचा काठ हाच तिचा सांडवा, आणि काठाखाली काकूंची पलीकडची भिंत, भिंतीखाली कुरडया.

"लांब कशाला जायचं," काकू म्हणाल्या, "आपली खजाना विहीर बघा. मी दरवर्षी पोरांना सहलीला न्यायची. सलाबतखानानं निजामशाहीत बांधली, भास्कर नावाचा कारागीर होता म्हणतात. आत तीन बोगदे. दोन पाणी आणतात, तिसरा घेऊन जातो, बलगुजारच्या शेतीकडं. दुष्काळातसुद्धा पातळी हलत नाही असं लोक सांगतात. मी पोरांना विचारायची, का हलत नाही? सगळे म्हणायचे, देवाची करणी. अरे, जास्तीचं पाणी तिसऱ्या बोगद्यानं निघून जातं, मग वर कशाला चढंल? ना फ्लोट, ना मोबाईल, ना राऊटर. चारशे वर्षं झाली वर."

"त्यांना लाईटच जात नव्हती," काका म्हणाले.

"त्यांना लाईटच नव्हती!"

काकांचा उपाय मात्र मी लक्ष देऊन ऐकला, कारण आमच्याही गच्चीवरची टाकी महिन्यातून दोनदा वाहते आणि ते पाणी खाली पायरीवर पडतं. त्यांचं म्हणणं असं, की पोराचा फ्लोट जागेवर बरोबर होता, पण चुकीच्या पंपाला बांधलेला होता. पाणी वर चढलं तर बाहेर काढणाऱ्याला हाक मारण्यात अर्थ नाही, तो आजारी असेल, झोपला असेल, त्याच्या तोंडात गवत अडकलं असेल. हाक मारायची ती आत आणणाऱ्याला, आणि त्याला एकच सांगायचं, थांब. म्हणून ट्रेमध्ये दुसरा फ्लोट, पहिल्यापेक्षा चार बोटं वर, आणि चढवायच्या पंपाची वायर त्याच्यातून नेलेली. पाणी तिथवर आलं की पंप बंद, मग वीज असो, नसो, इन्व्हर्टर असो की जनरेटर.

"आणि वायर कशी जोडायची तेही महत्त्वाचं," काका म्हणाले. "लोक उलटं जोडतात. पाणी आलं की फ्लोट जोडणी करतो आणि रिले पंप तोडतो. मग उंदरानं वायर कुरतडली की निरोपच जात नाही, पंप चालूच. मी सांगितलं, नेहमी जोडलेलं ठेवा, पाणी आलं की तुटलं पाहिजे. म्हणजे उंदरानं तोडलं तरी पंप बंदच पडणार. हौद गार झाला नाही तर साहेब ओरडतील, पण कुरडया राहतील."

"माझ्या कुरडयांवरून सर्किट काढलंत!" काकूंचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला.

"अजून ऐका. चालू व्हायची पातळी आणि बंद व्हायची पातळी एकच ठेवली तर काय होईल? पाणी नुसतं हललं तरी पंप चालू-बंद, चालू-बंद. मोटार जळंल. मधे अंतर पाहिजे. आणि पंप बंद झाला म्हणजे पाणी थांबलं असं समजू नका. ताट्या भिजलेल्या असतात, वरच्या नळीत पाणी असतं, ते सगळं निथळून खाली येतं. दहा-पंधरा लिटर सहज. तेवढी जागा ट्रेमध्ये रिकामी पाहिजे. पोरानं ट्रे काठोकाठ चालवायचं ठरवलं होतं, पंपानं हवा ओढू नये म्हणून. नीट चालताना सुद्धा बंद करताना बादलीभर सांडायचंच. साहेबांना वाटायचं गळतंय."

मी विचारलं, दोन्ही पंप एकाच बोर्डवर लावले असते तर? काकांनी मान हलवली. ते तर करायचंच, म्हणाले, पण तेवढ्यानं भागत नाही. परतीचा पंप गवतानं चोंदला तर वीज असूनही पाणी वाहणार. कूलरचं गवत नव्यानं घातलं की पहिले काही दिवस काड्या सोडतं. आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार. पाणी वाळतं, क्षार मागं राहतात, फ्लोटच्या बिजागरीवर पांढरी खपली चढते आणि एक दिवस फ्लोट वर जायचाच विसरतो. म्हणून महिन्यातून एकदा हातानं फ्लोट उचलून बघायचा, पंप थांबतो का. "हे मोबाईलवर होत नाही. तिथं वाकावं लागतं."

"साहेबांचे गुडघे," मी आठवण करून दिली.

"बाई वाकतील!" काकू म्हणाल्या, आणि मग त्यांनी बाईंविषयी जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

विषय थोडा भरकटला. काकांनी ऑटो स्विचचं पुराण काढलं. शेतात रात्री-बेरात्री वीज येते, उठायला नको म्हणून शेतकरी मोटारीला ऑटो स्विच लावतात. वीज आली की एकाच क्षणी सगळ्या मोटारी उठतात आणि डीपी जळते. महावितरण सांगून थकलं, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. मला काकांचा राग समजतो, जळलेल्या डीपीसाठी लोकांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्यात. पण थंडीत रात्री दोनला कुणी शेतात जाऊन मोटार चालू करावी, तीही साप-विंचवांतून, हा प्रश्न ऑटो स्विच लावणाऱ्याचाही असतो. तो मी विचारला. काका म्हणाले, त्याला उत्तर आहे, प्रत्येक मोटारीला वेगवेगळा टायमर. एक मिनिटानं एक उठावी, दुसरी दोन मिनिटांनी. साहेबांकडंही तसंच. वीज आली की आधी परतीचा पंप, ट्रे रिकामी झाली की मग चढवायचा.

"मग बसवले का हे सगळे टायमर, फ्लोट, रिले?"

"नाही," काका म्हणाले, आणि आता त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "मी साहेबांना म्हटलं, तो परतीचा पंपच काढून टाका. कूलर जमिनीवर कशाला ठेवलाय? दिसू नये म्हणून झुडपामागं लपवलाय. तो ओट्यावर चढवा, ट्रे हौदाच्या काठापेक्षा हातभर वर येऊ द्या. खालून दोन इंची पाईप, चांगला उतार देऊन, सरळ हौदात. तोंडाला जाळी, काड्या अडकायला. चढवायचा पंप बंद पडला, पाणी आपोआप खाली उतरलं. वीज गेली, उतरलं. पोरगा पुण्यात झोपला, तरी उतरलं. जो पंप नाहीच, तो नादुरुस्त कसा होईल?"

"आणि पोरगा काय म्हणाला?"

"फोनवर थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, काका, पण मग ऑटोमेशन काय राहिलं?"

आम्ही तिघंही हसलो, पण मला त्या पोराची थोडी दया आली. एवढं शिकून, पुण्याहून रात्रीच्या बसनं येऊन, बापाच्या गुडघ्यासाठी त्यानं काहीतरी उभं केलं होतं. आणि ऑटोमेशनला काम राहिलंच होतं. हौदाचं पाणी किती अंश आहे ते बघून पंखा लावायचा, सव्वीसला उतरलं की बंद करायचा, पावसाळ्यात हवा दमट झाली की चालवायचाच नाही, हे सगळं यंत्रानं करावं. तो वरचा फ्लोट तेवढा बसवायचं ठरलंच, जाळी चोंदली तर पंप तोडायला. नुसतं सांडू न देण्याचं काम तेवढं उतारावर सोपवलं.

गवंडी कालच येऊन गेला. ओटा झाला. कूलर आता काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्पष्ट दिसतो, आणि पंखा सुरू झाला की आवाजही येतो, ही नवी तक्रार आहे. तिची सुनावणी पुढच्या आठवड्यात.

"पण सांडवा?" मी आज पुन्हा भिंतीवरून विचारलं. "एवढं बोलून सांडवा काढला की नाही?"

"काढला ना. ट्रेच्या काठाच्या दोन बोटं खाली एक इंची पाईप बसवलाय. आता त्याचं तोंड कुठं काढायचं यावर अडलंय. साहेब म्हणतात गटारीत."

"गटारीत कशाला!" काकू जवळजवळ भिंतीवर चढल्या. "मी सांगितलं बाईंना, इकडं काढा, माझ्या लिंबाला. दोन वर्षं झाली, फूल धरतं आणि गळतं. तुमचं पाणी यायचंच आहे माझ्या अंगणात, तर पाईपातून तरी येऊ द्या."

"अगं, ते क्लोरीनचं पाणी," काका म्हणाले, "वर बोअरचे क्षार, तेही वाळून वाळून घट्ट झालेले. लिंबाची पानं करपतील. लिंबाला खारं चालत नाही."

काकूंनी अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडं बघितलं.

"मग नारळाला चालंल की. पाईप चार फूट लांब घ्यायला सांगा त्यांना. आणि पैसे त्यांचेच."